बिअर जोडीने चाखावी : क्राफ्ट आणि आयात बिअर ओळखण्याची एक रीत

नेहमीच्या बिअरला कंटाळून क्राफ्ट (बहुधा छोट्या, स्वतंत्र ब्रुअरींत बनणाऱ्या) आणि आयात बिअरकडे वळलेला शौकीन बहुतेक वेळा एक चूक हमखास करतो. तो दर खेपेला नवी बाटली उचलतो. वर्षभरात पन्नासएक लेबले त्याच्या नजरेखालून जातात, पण त्यांतली कोणती आवडली आणि का आवडली असे विचारले, तर ‘मस्त होती’ यापलीकडे त्याला फारसे काही सांगता येत नाही. यात त्याच्या जिभेचा दोष नसतो. चव आठवणीत टिकत नाही, आणि मंगळवारी प्यायलेल्या बिअरचा कडवटपणा शनिवारच्या बिअरच्या कडवटपणाशी ताडून पाहणे जाणकारालाही अवघड जाते. म्हणून येथे सुचवलेली रीत अगदी साधी आहे : एका बैठकीला दोन बिअर घ्याव्यात, त्या थोड्या थोड्या ओतून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दोहोंत शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असेल अशा बेताने त्या निवडाव्यात.

तो फरक कशाचा असू शकतो, हे कळण्यासाठी बिअर कशाची बनते तेवढे ठाऊक हवे. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट हे तिचे चार मूळ घटक. आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात पाणी, सातू आणि हॉप्स एवढ्या तिघांचाच उल्लेख आहे, कारण यीस्ट हा सजीव बिअर आंबवतो हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हते. गंमत अशी की, फर्मानातून निसटलेला हा चौथा घटकच पुष्कळदा चवीवर सर्वांत जास्त हुकमत गाजवतो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला आणि कमीअधिक भाजलेला सातू. बिअरचा रंग आणि तिचा धान्याचा गोडवा या भाजणीवर ठरतो : हलक्या भाजणीतून पावाची आणि बिस्किटाची, मध्यम भाजणीतून कारमेलची, तर करपण्याच्या सीमेपर्यंत नेलेल्या भाजणीतून कॉफीची आणि कडू चॉकलेटची चव येते. बिअर जितकी काळी तितकी ती कडक, हा समज मात्र सोडून द्यावा. गिनेसच्या काळ्याभोर ड्राफ्ट स्टाउटमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के असते, तर सोन्यासारखी पिवळी दिसणारी बेल्जियमची डुव्हेल ८.५ टक्क्यांची असते. रंगावरून फार तर भाजणी कळते, ताकद नव्हे.

हॉप्स ही एका वेलीची फुले. बिअरचा कच्चा रस उकळू लागताच ती घातली तर मुख्यतः कडवटपणा मिळतो, उकळी संपताना घातली तर गंध मिळतो, आणि किण्वनाच्या, म्हणजे आंबण्याच्या, वेळी किंवा नंतर थंड बिअरमध्ये भिजत ठेवली, तर कडवटपणा फारसा न वाढता गंध भरपूर उतरतो. या शेवटच्या पद्धतीला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात आणि आजच्या बहुतेक आयपीए, म्हणजे हॉप्सवर भर देणाऱ्या ‘इंडिया पेल एल’ बिअर, तिच्यावरच उभ्या आहेत. हॉप्सच्या जातीही चवीत एकमेकींपासून दूर असतात : चेक साझमध्ये वनौषधींचा सौम्य तिखटपणा, इंग्लिश गोल्डिंग्जमध्ये मातीचा आणि मधाचा भास, अमेरिकी कॅस्केडमध्ये ग्रेपफ्रूटची साल, सिट्रामध्ये आंबा आणि लिंबू. लेबलावर छापलेला आयबीयू हा आकडा कडवटपणा दाखवतो, पण त्यावर फार विसंबू नये, कारण माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ५० आयबीयूची बिअरही मवाळ लागते आणि तो नसेल तर ३० आयबीयूची बिअर जिभेला टोचते.

यीस्टवरून बिअरची दोन मोठी घराणी पडतात. लागरचे यीस्ट साधारण ८ ते १३ अंश सेल्सियसच्या थंडाव्यात सावकाश काम करते, स्वतःची चव मागे ठेवत नाही आणि माल्ट व हॉप्स स्वच्छ दिसू देते. एलचे यीस्ट १५ ते २४ अंशांत झपाट्याने काम करते आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे गंध सोडून जाते. पाण्याचा वाटा जिभेवर लगेच उमटत नाही, पण इतिहासात तो मोठा आहे. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहराच्या अतिशय मृदू पाण्याने फिकट लागरला तिचा गुळगुळीतपणा दिला, तर इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या जिप्समयुक्त जड पाण्याने ‘पेल एल’ या फिकट एलच्या कडवटपणाला धार आणली.

खरेदी हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आयात बिअर म्हणजे उंची बिअर, असे गृहीत धरून बाटली उचलणाऱ्याने आधी ती उलटी करून तारीख पाहावी. बिअरचे तीन शत्रू आहेत : उष्णता, प्रकाश आणि प्राणवायू. समुद्रमार्गे आलेली बाटली कंटेनरमध्ये, गोदामात आणि मग दुकानाच्या फळीवर या तिघांच्या तावडीतून जात असते. हॉप्सचा गंध सर्वांत आधी उडतो. आयपीए आणि पेल एल भरल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आत प्यावी, आणि गढूळ ‘हेझी’ आयपीए तर त्याहूनही लवकर. काही कंपन्या बाटलीवर भरल्याची तारीख छापतात, काही फक्त ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ एवढेच छापतात, तर काहींचा संकेत वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकाने दिलेला असतो. तेथे १४५ म्हणजे त्या वर्षाचा १४५ वा दिवस. ‘अमुक तारखेपूर्वी’ची मुदत अनेकदा वर्षभराची असते, आणि त्या मुदतीच्या अखेरीस आलेली आयपीए कायद्याने चालणारी असली, तरी चवीने संपलेली असते.

हे मी पदरमोड करून शिकलेलो आहे. कुणीतरी दूरदेशाहून आणून दिलेला एका नावाजलेल्या डबल आयपीएचा (नेहमीपेक्षा कडक आयपीएचा) कॅन मी खास प्रसंगाची वाट पाहत वर्षभर जपून ठेवला. प्रसंग आला, कॅन उघडला, आणि ज्या आंब्या-लिंबाच्या गंधाची एवढी कीर्ती ऐकली होती, त्याच्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा आणि शिळ्या मधाचा वास आला. बिअर बनवणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

म्हणून कोणती बिअर परदेशाहून आलेली घ्यावी आणि कोणती जवळच्या ब्रुअरीची ताजी घ्यावी, याचा विवेक हवा. पिल्सनर आणि हेलेस या फिकट लागर, आयपीए आणि गव्हाच्या बिअर ताज्याच चांगल्या लागतात. एखाद्या छोट्या ब्रुअरीने गेल्या पंधरवड्यात भरलेली साधीशी पिल्सनर आठ महिने प्रवास केलेल्या थोर पिल्सनरला सहज मागे टाकते. उलट कडक आणि गडद बिअर, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या बेल्जियन एल आणि आंबट लँबिक यांना प्रवास आणि काळ सोसतो. आयातीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते येथे करावेत.

बाटलीचा रंगही पाहावा. तपकिरी काच प्रकाश बरीचशी अडवते, हिरवी फारशी नाही, पांढरी जवळजवळ नाहीच; कॅन मात्र प्रकाशाला पूर्णपणे बंद असतो, त्यामुळे कॅनला कमी लेखण्याचे काही कारण नाही. नावावर जाऊ नये, मागचा बारीक मजकूर वाचावा, कारण परदेशी नावाची बिअर परवान्याखाली भलत्याच देशात बनलेली असू शकते. ‘क्राफ्ट’ या शब्दालाही सर्वत्र सारखा अर्थ नाही. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणाऱ्या स्वतंत्र कंपनीलाही क्राफ्टमध्येच धरते, यावरून त्या शब्दाची ऐसपैस लांबीरुंदी लक्षात यावी. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती संन्यासीपंथाच्या मठांतल्या बिअरच्या बाबतीत मात्र लेबल काही ठोस सांगते : षट्‌कोनी ‘ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट’ चिन्ह असेल तर ती बिअर मठाच्या परिसरात, संन्याशांच्या हातून किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनलेली असते. नुसते ‘अ‍ॅबे’ (म्हणजे मठ) लिहिलेले असेल तर अशी हमी नसते, जरी बिअर चांगली असू शकते.

आता जोड्यांकडे येऊ. पहिली जोडी फिकट लागरची लावावी : एक चेक पिल्सनर आणि एक म्युनिक पद्धतीची हेलेस. योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पिल्सेनमध्ये जी पहिली सोनेरी लागर बनवली, तिचाच वारसा आजची पिल्सनर उर्क्वेल सांगते. तिच्या यशाला म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये हेलेस काढून उत्तर दिले. दोन्ही सोनेरी, दोन्ही पाच टक्क्यांच्या आसपासच्या, दोन्ही लागर. तरीही पिल्सनरमध्ये हॉप्स पुढे बसतात आणि हेलेसमध्ये माल्ट. एकटी प्यायली तर हेलेस ‘साधी बिअर’ वाटते. पिल्सनरचा घोट घेऊन लगेच तिच्याकडे वळले की तिच्यातला ताज्या पावासारखा गोडवा एकदम समोर येतो. ज्याला हा फरक जाणवला, त्याला पुढचे सगळे जाणवेल, असे माझे मत आहे. म्हणून घाईघाईने आयपीएकडे धावणाऱ्यांनाही मी आधी या जोडीपाशी बसवतो.

दुसरी जोडी गव्हाची. दक्षिण जर्मनीची हेफेवाइत्सेन, उदाहरणार्थ फ्रायझिंगच्या वायनश्टेफानची, आणि बेल्जियमची विटबिअर, उदाहरणार्थ हूगार्डन. दोन्ही फिकट आणि गढूळ असल्याने डोळ्यांना त्या बहिणी वाटतात. पण हेफेवाइत्सेनमध्ये येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध कुणी केळे किंवा लवंग घालून आणलेला नसतो. तो संपूर्णपणे यीस्टचा प्रताप असतो. विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. ही शैली विसाव्या शतकाच्या मध्यावर हूगार्डन गावातून नाहीशी झाली होती आणि पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. दोन्ही पेले आलटून पालटून हुंगले की यीस्टने दिलेला मसाला आणि हाताने घातलेला मसाला यांतला फरक नाकालाच कळतो.

तिसरी जोडी हॉप्सची : एक इंग्लिश पद्धतीची पेल एल आणि एक अमेरिकी. १९८० मध्ये पहिल्यांदा बनलेल्या सिएरा नेवाडा पेल एलने कॅस्केड हॉप्सचा गंध घरोघर पोहोचवला, आणि अमेरिकी क्राफ्ट चळवळीचा सूर पुष्कळसा तिथेच लागला. इंग्लिश बिअरमध्ये हॉप्स आणि माल्ट एकमेकांना सांभाळून घेतात, अमेरिकी बिअरमध्ये हॉप्स मैफल ताब्यात घेतात. त्यानंतर सौम्य ड्राय स्टाउट आणि कडक इंपिरियल स्टाउट, मग बेल्जियमची गडद दुब्बेल आणि फिकट पण अधिक कडक ट्रिपेल अशा जोड्या ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे लावाव्यात. जर्मनीतल्या बांबर्गची राउखबिअर, जिचे माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेले असते, ती मात्र एकटीच घ्यावी, कारण तिच्या धुरापुढे शेजारची कोणतीही बिअर टिकत नाही. पहिला पेला नकोसा वाटला तरी दुसऱ्या दिवशी आणखी एक घेऊन पाहावा.

आंबट बिअर शेवटी ठेवाव्यात. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेच्या खेड्यांत बनणाऱ्या लँबिकमध्ये यीस्ट घालतच नाहीत. उकळलेला रस थंडीच्या महिन्यांत उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले आणि लाकडी पिपांतले जंगली यीस्ट आणि जिवाणू त्याचा ताबा घेतात, आणि पुढे एक ते तीन वर्षे तो पिपांत मुरतो. कोवळी आणि जुनी लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की ग्यूझ तयार होते. तिच्यात गोडवा नसतो, हॉप्सचा कडवटपणा जवळजवळ नसतो. असतो तो लखलखीत आंबटपणा, आणि त्यामागे जुन्या लाकडाचा, गवताच्या गंजीचा, तबेल्याचा म्हणावा असा गंध. ज्याची पहिली ओळख ग्यूझशी होते तो ‘बिअर नासली आहे’ म्हणून पेला खाली ठेवतो; ज्याने आधी चार-पाच जोड्या नीट चाखल्या आहेत, तो मात्र थबकून दुसरा घोट घेतो.

जोडी निवडली की ती मांडण्याची पद्धत. पेले सारखे असावेत, आणि साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंशही त्यांवर नसावा. स्वच्छ पेल्यात फेस टिकतो आणि पिताना काचेवर त्याची जाळी उरते, तर तेलकट पेल्यात तो क्षणात बसतो आणि काचेला बुडबुडे चिकटून राहतात. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी किंचित मिटलेला एक पेला बहुतेक सगळ्या बिअरना चालतो, प्रत्येक शैलीसाठी वेगळा संच जमवण्याची गरज नाही. बर्फात गोठवलेला पेला मात्र वर्ज्य समजावा. अतिथंडीने गंध दबतो आणि जीभ बधिर होते. फिकट लागर ४ ते ७ अंशांवर, पेल एल आणि आयपीए ७ ते १० अंशांवर, कडक स्टाउट आणि बेल्जियन एल १० ते १३ अंशांवर चांगल्या लागतात. अंश मोजायला साधन नसेल तर कडक बिअर फ्रीजमधून काढून वीसएक मिनिटे बाहेर ठेवावी.

ओतताना पेला तिरपा धरून सुरुवात करावी आणि अर्धा भरल्यावर सरळ करून मधोमध ओतावे, म्हणजे दोन बोटे फेस येतो. फेस टाळणे हे कौशल्य नव्हे. फेसाबरोबर जादा वायू निघून जातो आणि गंध वर येतो. बाटलीत आंबवलेल्या बेल्जियन एलच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ती एका दमात ओतून शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवतात. हेफेवाइत्सेनचे उलटे असते : शेवटचा भाग बाटलीत गोल फिरवून गाळासकट ओततात.

दोन्ही पेल्यांत साधारण शंभर मिलिलिटर पुरे. आधी पाहावे, मग लगेच हुंगावे, कारण सर्वांत नाजूक गंध पहिल्या मिनिटात उडून जातात. नंतर मोठासा घोट तोंडभर फिरवून गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. चव म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातला पुष्कळ भाग या उलट वाटेने नाकात पोहोचणारा गंधच असतो. वाइन चाखणारे घोट थुंकतात, बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतरही काही सेकंद चढत जातो. दोन बिअरच्या मध्ये साधे पाणी आणि हवा असल्यास कोरड्या पावाचा तुकडा घ्यावा. सौम्य बिअर नेहमी आधी. दहा टक्क्यांच्या स्टाउटनंतर पिल्सनर पाण्यासारखी लागते.

थोडेच ओतण्यामागे हिशेबही आहे. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्के बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क असतो; तेवढ्याच ९.५ टक्क्यांच्या वेस्टमाल ट्रिपेलमध्ये जवळजवळ २५ ग्रॅम. म्हणजे दिसायला एक बाटली, शरीराच्या लेखी दोन. तीन-चार पेल्यांनंतर जीभ फरक ओळखेनाशी होते, मग पुढची महागडी बाटली उघडणे म्हणजे पैसे मोरीत ओतणे. चार जणांनी मिळून दोन बाटल्या वाटून घ्याव्यात, आणि त्या दिवशी कुणीही वाहन हाती घेऊ नये.

बिघडलेली बिअर ओळखता येणे हाही या अभ्यासाचाच भाग आहे, आणि त्यासाठी एक जोडी घरच्या घरी तयार करता येते. हॉप्सचा कडवटपणा ठळक असलेली एकच बिअर दोन काचेच्या पेल्यांत ओतावी, एक पेला अंधारात झाकून ठेवावा आणि दुसरा दहा मिनिटे कडक उन्हात. उन्हातल्या पेल्याला जळक्या रबरासारखा, उग्र लसणीसारखा वास येईल. प्रकाशामुळे हॉप्सचे कडू घटक फुटून गंधकाचे एक संयुग तयार होते, आणि त्याचा अतिसूक्ष्म अंशही नाकाला पुरतो. हिरव्या बाटलीतल्या काही बिअरची जी ‘खास चव’ म्हणून लोक सांगतात, ती पुष्कळदा हीच असते. पुठ्ठ्याचा वास शिळेपणाचा, उकडलेल्या मक्याचा वास बहुधा उकळणे कमी पडल्याचा, हिरव्या सफरचंदाचा वास किण्वन पुरे न झाल्याचा. लोण्याचा वास बहुतेक लागरमध्ये दोष मानतात, पण काही चेक लागरमध्ये आणि इंग्लिश एलमध्ये त्याची हलकी छटा चालवून घेतली जाते. दोष आणि गुण यांची सीमा शैलीप्रमाणे सरकते, हे ध्यानात ठेवून मगच बाटली परत करायला जावे.

काही जोड्या झाल्या की स्वतःची परीक्षा घ्यावी. दुसऱ्या कुणाला तरी तीन पेले भरायला सांगावे, दोहोंत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि आपण डोळे मिटून वेगळा पेला ओळखावा. ब्रुअरींतले चवपरीक्षकही हीच चाचणी वापरतात. लेबल दिसत असताना छातीठोकपणे केलेली विधाने या परीक्षेत कशी कोलमडतात, हे अनुभवण्यासारखे आहे.

आणि एक वही ठेवावी. गुण देण्याच्या फंदात पडू नये. पाचपैकी चार तारे हे वर्षभराने वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. बिअरचे नाव, शैली, मद्यार्काचे प्रमाण, भरल्याची तारीख, प्यायल्याची तारीख, शेजारी कोणती बिअर होती ते, आणि गंधाबद्दल तीन-चार शब्द, ते आपल्या ओळखीच्या वस्तूंचे : पुस्तकांतले नव्हेत, आपल्या नाकाला आठवले ते. ‘पावसाने भिजलेली गोणी’ ही नोंद ‘मातीसारखा गंध’ या नोंदीपेक्षा कितीतरी कामाची.

वहीचा खरा उपयोग शेवटच्या जोडीत होतो, कारण त्या जोडीतल्या दोन बिअर एकाच बैठकीत चाखता येत नाहीत. एकाच खेपेच्या इंपिरियल स्टाउटच्या किंवा ग्यूझच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एक आजच उघडून सविस्तर नोंद करावी. दुसरी उभी, अंधारात, १० ते १३ अंशांच्या आसपास तापमान स्थिर राहील अशा जागी ठेवून द्यावी आणि तिच्या मानेला उघडण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. वर्षभरात स्टाउटमधली मद्यार्काची धग निवते, कॉफीची चव मागे सरते आणि मनुका, खजूर यांसारखे गोडसर गंध पुढे येतात. ग्यूझमध्ये आंबटपणा गोलाईला येतो आणि तबेल्याचा गंध वाढतो. तो दिवस उजाडला की आधी बिअर पेल्यात ओतून नव्याने नोंद करावी, आणि त्यानंतरच वहीतले जुने पान उघडावे.